कृपया दुसरा ब्राउझर वापरा

ताईने पडद्याजवळ जाऊन त्या उतरत्या रेघेवर बोट टेकवलं. प्रोजेक्टरच्या उजेडात ती रेघ तिच्या हातावरून, बाहीवरून ओघळत खाली गेली.

"इथून पुढे ही रेघ खोटी आहे," ती म्हणाली.

लांबट टेबलाभोवती बसलेल्यांनी माना वर केल्या. टोकाला बसलेल्या टीमप्रमुखाने, सगळ्यांच्या कप्तानाने, चष्मा कपाळावर ढकलला, डोळे चोळले आणि चष्मा परत नाकावर घेतला. रेघ होती तिथेच होती.

रेघ पाखराची होती, ते वापरणाऱ्यांच्या संख्येची. पाखरू म्हणजे त्यांचा ब्राउझर. कागदोपत्री त्याचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण चिन्हात पंख फुलवलेला एक गुबगुबीत पक्षी होता, आणि लोकांनी लवकरच त्याचं पाखरू करून टाकलं होतं. एक काळ असा होता की इंटरनेट उघडायचं म्हणजे पाखरू उघडायचं. घरात, दुकानात, कचेरीत कुठेही कॉम्प्युटर सुरू झाला की आधी तो पक्षी पंख झटकायचा. त्या काळात ही रेघ छताला भिडायला निघाली होती. आता ती जमिनीशी बोलत होती.

"मोजणारे कसे मोजतात ते बघा," ताई म्हणाली. "प्रत्येक साइटवर ते आपला एक हेर बसवतात. आल्यागेल्याच्या पाळतीवर राहतो तो. पाखरू त्या हेराला दारातच अडवतं. मग आपला माणूस त्यांच्या मोजणीत येणार कसा? आपली माणसं गेलेली नाहीत. त्यांना दिसत नाहीत, एवढंच."

"शंभर टक्के," दाढी म्हणाला. दाढी तिच्याच हाताखाली तयार झालेला इंजिनिअर. ताईने भर दुपारी रात्र झाली म्हटलं असतं तर तो दिवा लावायला उठला असता.

"मग न दिसणारी माणसं मला दाखव," कप्तान म्हणाला. "गुरुवारी वर बोलावलंय."

वर म्हणजे मालक मंडळींकडे. त्यांच्या मनात काय आहे ते टेबलाभोवतीच्या सगळ्यांना माहीत होतं. पाखराचं इंजिन बंद करायचं होतं. इंजिन म्हणजे ब्राउझरचं काळीज. साइटकडून आलेल्या खुणा वाचून त्यांचं डोळ्यांना दिसणारं पान बांधतं, ते. हे काळीज काढून टाकायचं आणि त्या जागी समोरच्या, प्रतिस्पर्धी कंपनीचं बसवायचं. वरून पक्षी तोच राहणार, पिसं तीच राहणार. बाकीच्या बहुतेकांनी तेच केलं होतं आणि त्यांचं बरं चाललं होतं.

ते नुसतं ऐकलं तरी ताईला पेंढा भरलेल्या पक्ष्याची आठवण यायची. ते इंजिन तिने आणि कप्तानाने मिळून लिहायला घेतलं, तेव्हा दोघं टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत बसायची. खाली हातोडे चालायचे आणि वर टेबल हलायचं. तेव्हा तिचं लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

बैठक उठली. सगळे बाहेर पडल्यावर कप्तानाने तिला दारात थांबवलं.

"भांडशील ना?"

"आजवर कधी कमी पडले का?"

तो हसला. पण हसताना त्याने नजर खाली वळवली आणि हातातली प्रोजेक्टरची वायर नको इतकी व्यवस्थित गुंडाळली. ताईच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

*

न दिसणारी माणसं दाखवायची तर आधी आपण बघायला हवीत. ताई त्याच दुपारी सार्वजनिक वाचनालयात गेली. तिथल्या वाचनकक्षातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर पाखरू तिनेच बसवून दिलं होतं, तेही सुट्टीच्या दिवशी, कुणी न सांगता. ग्रंथपालबाईंनी तेव्हा तिला स्वतःच्या डब्यातला अर्धा डबा खायला लावला होता.

बाई आता पार पिकल्या होत्या, पण ओळख विसरल्या नव्हत्या.

"अगंबाई, पाखरूवाली! ये, ये. किती दिवसांनी?"

"बाई, जरा बघायला आले. लोक कसं वापरतात ते."

"बघ की. तुझंच आहे."

भिंतीला पाठ लावून ताई एका खुर्चीत बसली आणि समोरचे पडदे न्याहाळू लागली. एक मुलगी गणित सोडवत होती. एक म्हातारे गृहस्थ बातम्या वाचत होते. कामाला वाकलेली एक बाई कसला तरी अर्ज भरत होती. सगळ्यांच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात एक छोटासा त्रिकोण होता. समोरच्या कंपनीचं चिन्ह. ताईने मान उंचावून पलीकडची रांग पाहिली. तिथेही त्रिकोण.

"बाई, पाखरू काढून टाकलंत?"

"छे गं! काढीन कशी? आहे ना." बाईंनी तिला एका यंत्राजवळ नेलं. पडद्यावर एका बाजूला पक्षी होता खरा, पंख फुलवून. "हे बघ. सगळ्यांवर ठेवलंय."

"पण कुणी उघडत नाही."

बाईंनी आजूबाजूला पाहिलं, मग आवाज उतरवला. "आता काय सांगू तुला. सवय मोडली लोकांची."

"तक्रार केली का कुणी? काही अडतं, काही चुकतं, असं?"

"तक्रार कुठे करतात गं लोक? खुर्ची डुगडुगली तर माझ्याकडे येऊन सांगतात होय? उठतात आणि शेजारच्या खुर्चीवर बसतात."

ताई बाहेर पडली. पायऱ्या उतरताना तिने मनाशी हिशेब मांडला: वाचनालयात येणारे ते येणारे, त्यांना घरी जे सापडतं तेच ते इथे उघडणार. ही काही आपली माणसं नव्हेत. आपली माणसं घरी बसून, निवांत, निवडून वापरणारी. तसे लोक हवेत. एवढं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली, तरी कचेरीत परत जायला पाऊल मात्र उचललं नाही. तिने घराचा रस्ता धरला. एरवी ती दिवेलागणीनंतर घरी यायची.

*

किल्लीने दार उघडून ती आत आली तेव्हा सासऱ्यांच्या खोलीतून कुणा परक्या पुरुषाचा आवाज येत होता. भरदार, ठाय लयीतला, शिकलेल्या माणसाचा. कुणीतरी पाहुणे आलेले दिसत होते. पण सासऱ्यांकडे या वेळी कोण येणार? त्यांच्या दुकानातले जुने कोणी असतील. सासऱ्यांचं आयुष्य चष्म्याच्या दुकानात गेलं होतं. लोकांच्या डोळ्यांवर काचा बसवता बसवता त्यांचे स्वतःचेच डोळे गेले, आणि त्यावर पहिला विनोद त्यांनीच केला होता: "सोनाराच्या बायकोचे कान उघडे, ते असे."

ताईने पर्स ठेवली, हात धुतले, चहा टाकला. पाहुण्यांसाठी कपाटातले चांगले कप काढले. आतला आवाज चालूच होता, इतका मोठा की किल्लीचा आवाज आत पोचलाच नसावा. कुठल्याशा धरणाविषयी बोलत होता, मग कुठल्याशा खेळाडूच्या गुडघ्याविषयी. फार बोलका पाहुणा आहे, असं तिला वाटलं. सासरे मधे एकदाही बोलले नाहीत याचं नवल वाटलं.

ट्रे घेऊन तिने दार पायाने ढकललं.

खोलीत सासरे एकटेच होते. खिडकीशी खुर्ची, पुढ्यात कॉम्प्युटर, बोटं कीबोर्डवर. दार वाजताच त्यांनी दचकून दोन कळा दाबल्या. पुरुषाचा आवाज वाक्याच्या मध्यावर तुटला. क्षणभर शांतता, आणि मग ताईच्या कानावर तिचाच स्वतःचा आवाज पडला, तरुण, थोडा घाईचा: "पाखरू सुरू झाले आहे. काय वाचून दाखवू?"

तो आवाज खरंच तिचा होता. सासऱ्यांची नजर गेली त्या वर्षी तिने पाखराला वाचायला शिकवलं होतं. पानावरचा मजकूर उचलून मोठ्याने वाचून दाखवायची सोय. आवाज द्यायला कुणी बाहेरचं माणूस बोलवायची कंपनीची तयारी नव्हती, म्हणून ती स्वतःच कोट टांगायच्या कपाटात रजया लावून बसली आणि घसा बसेपर्यंत बोलली. पुढे कितीतरी घरांत तो आवाज गेला. पण तो शिवला होता एकाच माणसाच्या मापाने.

"आज लवकर कशी आलीस?" सासरे म्हणाले.

"कोण आलं होतं, बाबा?"

"कुठे कोण?"

"बोलत होतं कुणीतरी."

"रेडिओ असेल शेजारचा."

सासऱ्यांना दिसत नव्हतं, पण तिला दिसत होतं. पक्ष्याच्या खिडकीमागून दुसऱ्या खिडकीची कड बाहेर डोकावत होती आणि त्या कडेवर त्रिकोण होता. चोरून खाताना पकडलेल्या पोराने तोंड पुसून समोर उभं राहावं आणि हनुवटीला साखर तशीच असावी, तसं.

 ताईने ट्रे पलंगावर ठेवला आणि शेजारी बसली. 

"केव्हापासून?" तिने विचारलं.

 सासऱ्यांनी हात लांबवून चाचपत कप शोधला, सापडला तसा परत ठेवला.

"तसं बरंच झालं," ते म्हणाले.

"काही अडत होतं तर मला सांगायचं ना, बाबा. मी घरातच होते."

"अगं, तू कुठे घरात होतीस?" ते म्हणाले, आणि लगेच जीभ चावल्यासारखं करून सावरले. "तसं नव्हे. दमून यायचीस. तेवढ्यात आणि मी काय भुणभुण लावू."

"काय अडत होतं?"

"जाऊ दे."

"नाही. करून दाखवा."

त्यांनी सुस्कारा टाकला, बोटांनी कळा मोजल्या आणि पाखरात रोजच्या वर्तमानपत्राची साइट उघडली. पडदा पांढरा झाला. थोडा वेळ काहीच आलं नाही. मग मध्यावर एक चौकट आली आणि ताईचा तरुण आवाज तिच्याच कानाशी येऊन अगदी अदबीने म्हणाला:

"हे पान पाहण्यासाठी कृपया दुसरा ब्राउझर वापरा."

 असे निरोप साइटवाले टाकतात हे तिला ठाऊक होतं. पाखरावर पान तपासून बघायचा त्यांना कंटाळा, म्हणून दारावर पाटी लावून मोकळे होतात. कचेरीत त्यावर बैठका झाल्या होत्या, साइटवाल्यांच्या नावाने बोटं मोडून झाली होती. पण पाटी लागलेली असली की वाचणारा ती वाचणारच, आणि आपल्या वाचणाऱ्याला आपण आपला आवाज दिला आहे, हे दोन धागे तिने कधी जोडून पाहिले नव्हते.

"आधी एकदोन ठिकाणी म्हणायचं," सासरे म्हणाले. "मग पेपर. मग दवाखान्याची वेळ घ्यायची ती साइट. मग रोजच, जिथे जाईन तिथे. पहिल्यांदा तर मला वाटलं तू गंमत करतेस." ते हसले. "तुझाच आवाज की गं. कृपया म्हणून सांगतेस. सुनेचा शब्द मोडायचा कसा?"

ताई हसली नाही. तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर एवढ्या पांढऱ्या पानात ते एकच वाक्य होतं.

"ठमीने लावून दिलं दुसरं," ते म्हणाले. "पोरीला रागावू नकोस."

*

ठमी म्हणजे ताईची लेक. ती शाळेतून आली, दारात चपला भिरकावल्या, आणि आईला आजोबांच्या खोलीत बघून जागच्या जागी थिजली. तिने आजोबांकडे पाहिलं. आजोबांना अर्थात ते दिसलं नाही, पण नात कुठे बघते आहे ते त्यांना कळलं असावं, कारण ते म्हणाले, "कळलंय तिला."

"सगळं?" ठमीने विचारलं, आणि विचारल्याबरोबर ओठ दाताखाली धरले.

"सगळं म्हणजे?" ताई म्हणाली.

मग बाकीचंही निघालं. ठमीच्या वर्गात कुणीच पाखरू वापरत नव्हतं. गृहपाठाची साइट त्यात धड दिसायची नाही. ठमीच्या फोनवर पहिल्याच पानावर तो पक्षी होता, अगदी अंगठ्याखाली. तो तिथे फक्त आईला दिसावा म्हणून होता.

"आणि पप्पा?"

ठमी नखं बघू लागली.

"ठमे, पप्पा?"

"पप्पांनी तर आमच्याही आधी सोडलं."

नवरा संध्याकाळी आला. त्याला काही विचारावंच लागलं नाही. घरातली शांतता ऐकून तो बाहेरच्या खोलीत उभ्याउभ्याच म्हणाला, "मी सांगणार होतो."

"कधी?"

"योग्य वेळ बघून."

"मी घरात आले की काय करायचात तुम्ही सगळे?"

"तसं काही ठरवून नाही गं..."

"दाराची किल्ली वाजली की बदलायचं," ठमी पुटपुटली. "असं ठरलं होतं."

ताईला एकदम आठवलं की गेले कित्येक महिने ती घरात पाऊल टाकायची तेव्हा कुठून तरी पंखांची फडफड ऐकू यायची, पाखरू उघडताना होते तशी. तिला ते फार बरं वाटायचं. दिवसभराचा शीण जायचा. आपलं घर आपल्या बाजूचं आहे असं वाटायचं.

तिने बसायला खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून," नवरा म्हणाला. "दुसरं काय? तू एवढा जीव टाकतेस त्याच्यावर. आम्ही काय, आम्हाला एक पान उघडायचं असतं. ते उघडलं की झालं. त्यात तुझा काय संबंध?"

तो हे समजुतीने म्हणाला होता. पण 'तुझा काय संबंध' हे शब्द तसेच खोलीत उभे राहिले, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून त्याने हात पुढे केला. ताई तोवर स्वयंपाकघरात गेली होती. पाहुण्यांसाठी काढलेले चांगले कप तिने धुतले, पुसले आणि परत कपाटात ठेवले. एक कप तिने दोनदा पुसला.

*

गुरुवारी सकाळी वर जाण्याआधी कप्तानाने तिला आणि दाढीला खोलीत बोलावलं. दाढीने नकाशेच नकाशे तयार करून आणले होते. कुठे कुठे मोजणी चुकते, का चुकते, कशी चुकते. त्याचे डोळे तारवटले होते आणि तो खुशीत होता.

"ताई, तू सुरुवात कर," तो म्हणाला. "मग मी आकडे टाकतो. तोंडात बोटं घालतील."

ताईने नकाशे पाहिले. काम चोख होतं. तिनेच शिकवलेलं.

"मोजणी बरोबर आहे," ती म्हणाली.

दाढीला वाटलं, तिने चुकून उलटं म्हटलं. "म्हणजे चूक आहे."

"थोडी इकडेतिकडे असेल. पण रेघ खरी आहे. लोक गेलेत."

"कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या घरात चार माणसं आहेत," ताई म्हणाली. "त्यातली तीन गेली. उरलेली मी आहे."

 दाढीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं स्पष्ट दिसलं. एखाद्याने सर्वांदेखत थोबाडीत मारल्यासारखा तो उठला आणि नकाशे टेबलावर तसेच टाकून बाहेर गेला. काचेचं दार त्याच्यामागे कितीतरी वेळ हलत राहिलं.

"सासरेसुद्धा?" कप्तानाने विचारलं. आवाज कुणासाठी दिला होता ते त्याला माहीत होतं. कपाटाबाहेर कान देऊन तोच बसला होता, बाहेरून कुणी शिंकू नये म्हणून.

"सासरे सगळ्यांत आधी. म्हणजे नवऱ्याच्या नंतर."

कप्तानाने चष्मा काढला. या वेळी तो परत घातला नाही.

"मला वाटलं होतं तू भांडशील," तो म्हणाला.

"खोटं घेऊन कसं भांडू?"

"तू भांडतेस म्हणून तर त्यांनी आजवर हात लावला नाही. खरं सांगू? रेघ खरी आहे हे मला वर्षभर माहीत आहे. प्रत्येक वेळी वर जातो आणि तुझं नाव सांगतो. म्हणतो, ताई म्हणते मोजणीत घोळ आहे. तिने लिहिलंय ते इंजिन, तिला माहीत असणार. मग ते म्हणतात, बरं, अजून थोडं थांबू." त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या, उघडल्या, मिटल्या. "आजही तेच सांगणार होतो."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. पायाखालची फरशी कुणीतरी अलगद काढून घ्यावी, पडायला मात्र अजून थोडा अवधी असावा, तसं तिला झालं. वर्षभर तिच्या खात्रीच्या आडोशाने इंजिन जगलं होतं. टायरच्या दुकानावरच्या खोलीपासून तिच्याबरोबर असलेल्या या माणसाला ती खात्री पोकळ आहे हे ठाऊक होतं, आणि त्यानेही, तिच्या घरच्यांसारखंच, किल्ली वाजली की पक्षी पुढे केला होता.

"तूही?" ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. कशाला हो म्हणतोय ते तिने विचारलं नाही.

"अजून वेळ आहे," कप्तान म्हणाला. "तू आत्ता जे बोललीस ते या खोलीतच राहू शकतं. तू नुसती माझ्याबरोबर वर चल आणि गप्प बस. बोलायचं मी बघतो."

ताईने टेबलावरचे दाढीचे नकाशे गोळा केले, कडा जुळवल्या आणि गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला.

"लोक का गेले ते आपण एकालाही विचारलं नाही," ती म्हणाली. "वर्षभर आपण, ते गेलेच नाहीत, हे सिद्ध करत बसलो. वर विचारतील तर मी हेच सांगेन."

दोघं वर गेली. तिने तेच सांगितलं. ऐकणाऱ्यांनी तिचे आभार मानले, तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, आणि दुपारच्या आत निर्णय झाला. पाखराचं इंजिन बंद. जिना उतरताना कप्तान पुढे होता. तो एकदाही मागे वळला नाही.

*

ताई घरी आली तेव्हा ऊन अजून खिडकीत होतं. तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग हळूच फिरवली.

आतून तिचा आवाज येत होता.

"हे पान पाहण्यासाठी कृपया दुसरा ब्राउझर वापरा."

मग कळ दाबल्याचा आवाज.

"हे पान पाहण्यासाठी कृपया दुसरा ब्राउझर वापरा."

पुन्हा कळ.

ती खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. सासरे खुर्चीत पुढे वाकून बसले होते, मान एका बाजूला, ऐकणाऱ्या माणसाची असते तशी. पडद्यावर त्रिकोण कुठेच नव्हता. काढून टाकला होता. पलंगावर ठमी पाय पोटाशी घेऊन बसली होती. आईला बघून तिने खांदे उडवले, मी काय करू, अशा अर्थाने.

"आलीस का?" सासरे म्हणाले. त्यांचा आवाज नको इतका उत्साही होता. "हे बघ, जुनंच लावून घेतलं परत. ठमीला म्हटलं, काढ ते दुसरं. चालतंय मला. थोडं थांबावं लागतं, एवढंच. मला कुठे गाडी गाठायचीय?"

"पेपर उघडला?"

"उघडेल की. दोनचारदा दाबलं की उघडतो कधीकधी."

उघडत नव्हता. या इंजिनावर आता उघडणारही नव्हता. इंजिनाचं काय झालं ते त्यांना सांगावं म्हणून ताईने तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांनी पुन्हा कळ दाबली, आणि तिच्याच आवाजाने तिला बोलू दिलं नाही.

तिने पर्स जमिनीवर ठेवली. खुर्चीमागून वाकून सासऱ्यांचा हात कीबोर्डवरून उचलला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला. मग माऊस घेतला. समोरच्या कंपनीच्या पानावर ती याआधी कधी गेली नव्हती. 'मिळवा' असं लिहिलेलं बटण तिला चटकन सापडलं नाही. ठमीने पलंगावरून बोट दाखवलं. ताईने ते दाबलं. निळी पट्टी भरत गेली. पट्टी भरली, त्रिकोण आला, पेपर उघडला, आणि तो भरदार आवाज खोलीत शिरला. सकाळच्या ठळक बातम्या तो क्रमाने वाचू लागला.

सासऱ्यांनी मान उचलली. "अगं, हे तर..."

"ऐका तुम्ही," ताई म्हणाली.

ती पलंगाच्या कडेवर बसली. आवाज कुठे अडखळत नव्हता. स्वल्पविरामाशी श्वास घ्यायचा, आकडे सुटे करून सांगायचा, बातमी संपली की पुढची सुरू करण्याआधी जरासा थांबायचा. ठमी सरकत सरकत येऊन तिला टेकून बसली.

"तुझ्याइतकं नाही हं वाचता येत त्याला," सासरे थोड्या वेळाने म्हणाले.

 ताईने आणखी एक बातमी होऊ दिली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं वाचतो."

 आवाज हवामानावर आला होता. उद्या आकाश निरभ्र राहील, असं तो सांगत होता, आणि तिघंही ते उद्या खरोखर कुठे जायचं असल्यासारखं लक्ष देऊन ऐकत होती.